आत्याच्या वाहत्या बोअरची पाहणी

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पारनेर तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या एका बोअरमधून पाण्याचा थेंबही येत नव्हता. त्याच दिवशी दुपारी त्याच बोअरमधून अंगठ्याएवढी धार पडत होती. दोन्ही वेळी मी तिथे हजर होते.

गावाचं नाव या मजकुरात नाही. नाव छापलं तर पुण्याहून गाड्या येतील आणि रांग हायवेला टेकेल, अशी हरकत रांगेतल्या लोकांनी घेतली. ती मान्य केली आहे. राळेगणसिद्धीची एसटी त्या रस्त्याने जात नाही, एवढं लिहायला त्यांनी परवानगी दिली.

बोअर कशी सुरू झाली याच्या दोन हकीकती ऐकायला मिळाल्या. एका हकीकतीत शेतमालकाने पाणाड्याने नारळ फिरवून दाखवलेल्या जागी बोअर घेतली. दुसरीत पाणाड्याने दाखवलेली जागा सोडून मुद्दाम दुसरीकडे घेतली. पुढचा भाग दोन्हींत सारखा आहे: मोटार आणायच्या आधीच पाणी आपोआप वर आलं आणि थांबेना. खाली दोन पक्क्या थरांच्या मध्ये दाबून धरलेलं पाणी असतं. त्याला भोक मिळालं की ते स्वतःच वर येतं. शेतमालकाने तोंडाला वाकडा लोखंडी पाइप जोडला आणि पाइपाचं तोंड रस्त्याकडे करून दिलं. गावाच्या नळाला येणारं पाणी खारट आहे, हे गोडं आहे. आसपासच्या चार-पाच गावांची पिण्याची सोय तेव्हापासून या पाइपावर आहे. सगळे तिला 'वाहती बोअर' म्हणतात.

शनिवार: आत्याचं घर

मला बोलावून घेतलं होतं ते आत्याने. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, गावात एकटी राहते, सोबतीला दोन शेळ्या. मुलगा विलास पिंपरीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवाळीत आत्या मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण विलासने त्याच दिवशी 'आता पिंपरीला चल' म्हणून धोशा लावला. भाऊबीजेच्या जेवणात आत्याने अट घातली: वाहती बोअर आटली की मी येते, तोवर विचारायचं नाही. पंगतीत मी होते, म्हणून मी साक्षीदार.

संक्रांतीनंतर बोअर आटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आत्याचे गुडघे दुखतात. ती स्वतः बोअरवर जात नाही. गावातून दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडे ती कॅन द्यायची आणि तो परतताना भरून आणायचा. आता कॅन रिकामा परत येऊ लागला. पाठोपाठ विलासने फोनवर कोरड्या पाइपाचा व्हिडिओ पाठवला. मग आणखी एक. टेम्पोवाला विलासचा वर्गमित्र आहे, ही माहिती आत्याने दिली. मी ती विलासकडून पडताळून घेतली. ती खरी होती.

आत्याचं म्हणणं असं की व्हिडिओवर तिचा विश्वास नाही, टेम्पोवाल्यावर नाही आणि पोटच्या पोरावर तर या बाबतीत मुळीच नाही.

"नंदे, तू पेपरात हुतीस," ती म्हणाली. "डोळ्यानं बघितल्याबिगर लिहीत न्हाईस. जा आन बघून ये. वाहती आसंल तर मी हितं. आटली आसंल तर मी गाठोडं बांधते."

डोळ्यांनी न बघता लिहिलेल्या बऱ्याच बातम्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, हे मी तिला सांगून पाहिलं. तिने ते ऐकण्यासारखं मानलं नाही.

विलासही हजर होता. ताईने बघावं आणि एकदाचा निकाल लावावा, असं त्याचंही मत होतं. गाडी तोच चालवणार होता. संध्याकाळी पेट्रोल भरून येतो म्हणून तो बाहेर पडला आणि अंधार पडायच्या आत परत आला.

जेवायला शेंगोळी होती. कुळथाच्या पिठाची, लसूण घातलेली, सोबत बाजरीची भाकरी. आत्याने वाढतानाच जाहीर केलं की ही नळाच्या पाण्यातली आहे. शेंगोळी चिवट होती आणि रस्सा मीठ न घालताच खारट लागत होता. विलासने चांगली झाली असं सांगितलं आणि ताटलीत अर्धी ठेवली. पुण्यात माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचं यंत्र आहे. त्या पाण्याला चव नसते आणि कुणी त्याविषयी बोलतही नाही. पाहुण्याला आम्ही चहा की कॉफी ते विचारतो. इथे विचारतात, नळाचं का बोअरचं. संक्रांतीपासून हा प्रश्न बंद पडला होता आणि आत्याला तो विचारता येत नाही याचा राग होता.

रविवार सकाळ: बोअर

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. विलासने आधी टायरची हवा तपासली. मग ती भरायला गेला. परत आल्यावर त्याला मारुतीचं दर्शन घ्यायचं होतं. वाटेत एका मित्राची कांद्याची चाळ मला दाखवली. चाळ रिकामी होती, कारण कांदा अजून शेतात होता. आत्याच्या घरून बोअरला गाडीने गेलं तर हातातला चहा गार होत नाही. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

पाइप कोरडा होता. खालच्या दगडावर ओल होती, ती माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती. दोन्ही बाजूंना उन्हाळी कांदा हिरवागार उभा होता आणि वाफ्यांत पाणी चमकत होतं. पाइपासमोर रस्त्याच्या कडेने कॅनची लांब रांग लागलेली. तेलाचे, रंगाचे, पांढरे, पिवळे. कुणाच्या मुठीला चिंधी बांधलेली, कुणावर आडनाव रंगवलेलं. माणूस मात्र एकही नाही.

विलासने पाइपाकडे हात केला. "बघ ताई. झालं ना समाधान? काढ फोटो."

मी फोटो काढला. मग विचारलं की बोअर आटली आहे तर एवढे कॅन रांगेत का आहेत. लोकांना सवय असते, असं विलास म्हणाला. मी सगळ्यात पुढचा कॅन उचलून पाहिला. तो तळाशी ओला होता. विलास म्हणाला, दव असेल. तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं.

रस्त्यापलीकडे पत्र्याचं चहाचं हॉटेल होतं. कॅनचे मालक तिथे बसले होते. विलासने परत फिरण्याचा आग्रह धरला. मी चहा घ्यायचा म्हटलं. चहाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

हॉटेल चालवणाऱ्या कमलबाईंनी त्याला दुरूनच ओळखलं. "या विलासशेठ. आज बी शूटिंग हाय का?"

बाकावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ हसले. त्यांना सगळे गेनूतात्या म्हणत होते. विलासशेठ हिरो, असं म्हणून त्यांनी सरकून जागा करून दिली. मागच्या वेळी विलासने पाइपाचं शूटिंग तीन बाजूंनी केलं होतं आणि गेनूतात्यांना मागून जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं.

बोअर केव्हापासून बंद आहे, हा माझा पुढचा प्रश्न. बाकावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आत्ता लाईट आली तवापासनं," गेनूतात्या म्हणाले. "गेली की येतंय पानी."

जगभर लाईट आली की पाणी येतं. इथे उलटं आहे. शेतीच्या मोटारींना लाईट वेगळी असते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा देतात, बाकीचे दिवस रात्री. ती आली की आजूबाजूच्या सगळ्या बोअरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्याच थरातलं पाणी ओढतात. दाब उतरतो, वाहती बोअर थांबते. लाईट गेली की थोड्या वेळात धार परत लागते. कान दिल्यावर मलाही ऐकू आलं: कांद्याच्या चारी बाजूंनी मोटारींची घरघर चालली होती. गावातल्या घरांची लाईट निराळी असल्यामुळे आत्याला घरात बसून यातलं काही कळायचा प्रश्नच नव्हता. बोअरवर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. विलास लहानपणापासून इथे पाणी भरत आला आहे.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता.

लाईट किती वाजता जाते, ते विचारलं. दुपारी, असं उत्तर आलं. मी दुपारपर्यंत बसते म्हटलं. विलासने आधी जेवणाचं कारण सांगितलं, मग आईच्या औषधाचं, मग माझ्या बसचं. कमलबाईंनी तोवर भजी तळायला घेतली होती. हिरव्या मिरच्यांची होती. मी दोन खाल्ली आणि नंतर बराच वेळ प्रश्न विचारू शकले नाही. विलासने त्या वेळात स्वतःची बाजू मांडली. ती इथे तशीच नोंदवते.

"ताई, तिकडं फोन वाजला की आधी आईचंच काहीतरी झालं असं वाटतं," तो म्हणाला. "ती मोरीत पडली तेव्हा शेजारची दुपारी शेळ्यांना पाला द्यायला आली म्हणून कळलं. सकाळपासून ती तिथंच बसून होती. उद्या पाला द्यायला कुणी आलं नाही तर? ती अट घालते बोअरची. बोअर आटणार आहे का कधी? म्हणून मग मी आटवली."

गेनूतात्यांनी कांद्याच्या भावाचा विषय काढला, पण तो कुणी पुढे नेला नाही.

रविवार दुपार: तिथेच

घरघर एकदम थांबली. कुणी घाई केली नाही. गेनूतात्यांनी चहा संपवला. पाइपातून आधी हवा आली, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, मग धार. पाणी थंड नव्हतं, किंचित कोमट होतं. ओंजळीने प्यायले. चव सांगता येत नाही; पण खारट नाही, हे छातीठोकपणे सांगते.

आत्याचे दोन पांढरे कॅन मी गाडीतून काढले आणि एक पाइपाखाली धरला. गेनूतात्यांनी तो हळूच बाजूला केला.

"आपला आपन न्हाई भरायचा, ताई. म्होरला भरायचा."

तिथली रीत अशी आहे. नवीन आलेला माणूस आपला कॅन रांगेच्या शेवटी ठेवतो आणि सगळ्यात पुढचा, तो कुणाचाही असो, भरतो. भरला की मालकाच्या नावाने मोठ्याने हाक मारतो. मालक हॉटेलातून येऊन कॅन उचलतो, रांग पुढे सरकवतो आणि त्यानंतरचा भरतो. गावाला गेलेल्याचा, आजारी असलेल्याचाही कॅन असाच भरून बाजूला ठेवला जातो. त्यामुळे कुणाला दोनदा भरता येत नाही आणि धार कधी वाया जात नाही. पुण्यात आम्ही रांगेत आपल्या पुढच्याच्या पाठीकडे बघत उभे राहतो. इथे पुढच्याचं काम केल्याशिवाय आपलं होत नाही.

मी पाहुणी, म्हणून मला बराच वेळ भरायला लावलं. नावं मला माहीत नव्हती. कमलबाई हॉटेलातूनच नाव सांगायच्या आणि मी हाक मारायची. पाटीवरची भाजी विकल्यासारखी हाक मारा, अशी सूचना मला दोनदा मिळाली. तिसऱ्या हाकेला जमलं.

पाच-सहा कॅन झाल्यावर एक निळा कॅन आला. मुठीला लाल चिंधी. भरत आला तशी मी कमलबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. बाकावर खसखस पिकली होती.

"मारा की हाक," गेनूतात्या म्हणाले. "विलासशेठचा हाय. पिंपरीला जातो त्यो."

रीतीप्रमाणे मी हाक मारली. विलास माझ्या मागेच, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभा होता. त्याने पुढे येऊन कॅन उचलला.

पेट्रोल भरायला म्हणून गेला होता, तेव्हा त्याने तो रांगेत ठेवला होता. सोमवारी पहाटे पिंपरीला जाताना उचलायचा बेत होता. त्याच्या बायकोला आणि मुलांना चहाला दुसरं पाणी चालत नाही. महिन्यातून दोनदा तरी तो येतो, भरलेला कॅन डिकीत टाकतो आणि परत जातो, असं कमलबाई म्हणाल्या. त्या हे कौतुकाने सांगत होत्या. त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही ते माझ्या लक्षात आलं: आत्याकडे तो संक्रांतीनंतर या शनिवारी पहिल्यांदा आला होता.

मी हे मोठ्याने बोलले नाही. विलासने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग रांगेतले पुढचे दोन कॅन त्यानेच भरले आणि नावं बरोबर पुकारली.

रविवार, तिसरा प्रहर: आत्याच्या दारात

आत्याचेही दोन्ही कॅन भरून परतताना एका वळणावर निळ्या कॅनचं झाकण उडालं आणि डिकीत पाणी झालं. दारात गाडी थांबल्यावर डिकी रिकामी करून उन्हात वाळवणं भाग पडलं. त्यामुळे तिन्ही कॅन ओट्यावर आले.

आत्या उंबऱ्यात बसली होती. मी पाहिलेलं सांगितलं: सकाळी पाणी नव्हतं, दुपारी होतं, कारण शेतीची लाईट. बोअर वाहती आहे. तिने ऐकून घेतलं, पण नजर कॅनवर होती. दोन गेले होते, तीन आले होते.

"ह्यो निळा कोनाचा?"

"माझा," विलास म्हणाला.

"कुटं चालला?"

"पिंपरीला."

"कवापासनं नेतोस?"

विलासने सांगितलं. दिवाळीच्याही आधीपासून. शेळीने कॅनजवळ सांडलेलं पाणी चाटायला सुरुवात केली, तिला आत्याने हाकललं नाही.

"हितनं बोअर लई लांब हाय का रं?" ती म्हणाली.

विलास पायरीवर बसला. तो म्हणाला की घरी आलं की तो 'चल' म्हणतो, ती 'न्हाई' म्हणते आणि मग जाईपर्यंत दोघं भांडत बसतात. म्हणून तो बाहेरच्या बाहेर जायचा. हे सांगताना तो दारातल्या फरशीकडे बघत होता. आत्या उठली, शेळ्यांना बांधून आली, निळा कॅन तिने स्वतः वाकडा केला आणि त्यातलं पाणी चहाला ठेवलं. मदतीला पुढे झालेल्या विलासचा हात तिने बाजूला सारला.

चहा होईपर्यंत तह झाला. त्यातली कलमं अशी: निळा कॅन आजपासून आत्याच्या घरी राहील. तो बोअरवर तिथूनच जाईल आणि भरून तिथेच येईल; ज्याला पाणी हवं त्याने तो या ओट्यावरून उचलावा आणि उचलण्याआधी जेवावं. दुधाच्या टेम्पोवाल्याला या कामातून मुक्त करण्यात येईल; कॅन विलास आला की स्वतः भरून आणील. मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवली जाईल. या बदल्यात पाडव्यानंतर आत्या पिंपरीला जाईल, सोबत बोअरचं पाणी नेईल आणि ते पाणी संपेपर्यंत राहील.

शेवटचं कलम आत्याने स्वतः सुचवलं होतं. विलासने दोन कॅन न्यायचे असं सुचवलं, आत्याने लगेच मान्य केलं. फक्त पिण्याला आणि चहाला वापरलं तर ते बरेच दिवस पुरतं, हा त्याचा अनुभव होता. तो खुशीत दिसत होता. दांडी त्याने अंधार पडायच्या आत बसवली. आत्याने ती दोनदा ओढून पाहिली.

रात्रीच्या शेंगोळीतलं कुणी ताटलीत काही ठेवलं नाही.

पाडव्यानंतर: फोनवरून मिळालेली माहिती

आत्या ठरल्याप्रमाणे पिंपरीला गेली. दोन भरलेले कॅन सोबत होते. शेळ्या शेजारणीकडे ठेवल्या. आठवडा संपायच्या आत ती गावी परतली. पाणी संपलं होतं.

विलासच्या म्हणण्यानुसार ते संपणं शक्य नव्हतं. त्याच्या बायकोने सांगितलं की सासूबाई सगळ्यांच्या आधी उठून बाल्कनीत जात आणि त्यांच्या हातात तांब्या असे. बाल्कनीत मिरचीच्या कुंड्या आहेत. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मिरच्या सुकत चालल्या होत्या. यापलीकडे तिने काही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी विलास गावी गेला, जेवला आणि निळा कॅन ओट्यावरून उचलून घेऊन गेला.

मिरच्यांना फुलं आली आहेत. याला सासू आणि सून दोघींनीही दुजोरा दिला.